औषधाचा गुण : गावाची सामाईक ठेव



आमचे तुमसर हे धानाचे गाव. २०१७ सालच्या खरिपात भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत धानावर तुडतुड्यांची मोठी धाड आली. हा इवलासा तपकिरी किडा धानाच्या बुंध्याशी बसून रस शोषितो, आणि हिरवे शेत पाहता पाहता जळाल्यासारखे होते. माझ्याही चार बांध्या आहेत. शेजाऱ्याने औषध फवारिले म्हणून मीही फवारिले, आणि आठ दिवसांनी पुन्हा एकवार. बांधीत उतरून किडे किती आहेत, हे मात्र मी पाहिले नाही. उदाहरण नीट वाचल्यावाचून ते सोडवू नये, असे जन्मभर मुलांना बजावणाऱ्या मास्तराची ही गोष्ट!

पुढे माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शेतीच्या अर्थशास्त्रात त्याने नुकतेच संशोधन आरंभिले होते. मी त्याच्यापुढे खर्चाची वही ठेविली. औषधाची किंमत, मजुरी, पंपाचे भाडे, सारे तीत होते. तो म्हणाला, "गुरुजी, औषधाचा गुण खर्च झाला, तो कोणत्या रकान्यात मांडलात?" मी निरुत्तर झालो.

त्याच्या प्रश्नाचा अर्थ असा. लाखो किड्यांत काही थोडे जात्याच विष पचविणारे असतात. फवाऱ्याने इतर मरतात, हे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. अमेरिकेतील मेलँडर या कीटकशास्त्रज्ञाने १९१४ सालीच ही शंका लेख लिहून मांडली होती. पुढे १९७४ साली ह्यूथ व रेगेव्ह या अर्थशास्त्रज्ञांनी तिला हिशेबाचे रूप दिले. किडीचे औषधाने मरणे ही एक साठविलेली संपत्ती आहे व प्रत्येक फवारणीसरशी ती घटते, असा त्याचा मथितार्थ.

ही संपत्ती कोणाची? कोणा एकाची नव्हे. तुडतुडा बांध मानीत नाही. पंख फुटले की तो दूरवर उडून जातो. फवारणीचा लाभ माझा, पण गुण गेल्याची हानी साऱ्या शिवाराची. मग हात आवरावा कोणी?

याचे फळ आपल्या विदर्भातील कापूसवाल्यांनी भोगिले आहे. २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली. बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधे बी मिळे. ते कडेने पेरावे, तेथे विषास न सरावलेली बोंडअळी जगावी व सरावलेलीशी तिचा संकर व्हावा, हा हेतू. परंतु स्वतःची ओळ अळीला कोण वाहील? पुष्कळांनी ते बी पेरलेच नाही. अखेर गुलाबी बोंडअळी त्या विषास सरावली, आणि २०१७ साली कापूसही तिने पोखरला. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसांहून अधिक माणसे दगावली.

तर मग उपाय काय? तो आपल्या जिल्ह्याला नवा नाही. कोहळी मंडळींनी बांधिलेल्या आमच्या तलावांचे पाणी पाळीपाळीने घ्यावयाचे, ही रीत जुनी आहे. एकाने रात्री पाट फोडला तर शेवटची बांधी कोरडी राहते, हे येथे पोराटोरांसही ठाऊक असते. औषधाचा गुणही तसाच राखिला पाहिजे. आधी बांधीत उतरून किडे मोजावे. रोवणीच्या वेळी मधून मधून पट्टे मोकळे सोडावे. युरिया बेताने घालावा. किडे खाणारे कोळी मारू नयेत. आणि फवारणे प्राप्तच झाले तर दर वेळी एकाच जातीचे औषध वापरू नये. पण हे एकट्याने करून भागत नाही, गावाने मिळून ठरवावे लागते. इंडोनेशियाने याच तुडतुड्यापायी १९८६ साली धानावरील ५७ कीटकनाशकांना मनाई केली होती.

नगरवासी श्रोत्यांस वाटेल, यात आमचा काय संबंध? आपल्या पानातील भाताच्या दरात या गेलेल्या गुणाचीही किंमत असते. माझ्या वहीत आता एक रकाना वाढला आहे. त्यात लिहावयाचा आकडा मला अजून साधलेला नाही. परंतु तो रकाना कोरा दिसला, की हात पंपाकडे जाण्याआधी पाय बांधीकडे वळतात.