चष्मेवाला आयडर



ओळख पटणें निराळें आणि माहिती असणें निराळें. उत्तर ध्रुवाकडील समुद्रांत राहणारा ‘चष्मेवाला आयडर’ नांवाचा बदकाच्या जातीचा पक्षी याचें उत्तम उदाहरण होय.

तो ओळखणें सोपें आहे. विणीच्या हंगामांत नराच्या डोळ्याभोंवतीं पांढऱ्या पिसांचें वाटोळें कडें असतें व त्यास काळी किनार असते, जणूं चष्माच! मस्तक फिकट हिरवें, चोंच नारिंगी, पाठ पांढरी, छाती व पोट काळें. साध्या आयडरची छाती पांढरी असते, हें ध्यानांत ठेवावें. मादी तपकिरी व पट्टेदार. परंतु चष्म्याची पुसट खूण तिच्याही मुखावर दिसते.

हा पक्षी उन्हाळ्यांत अलास्का व सैबेरिया यांच्या किनाऱ्यालगत, टुंड्रांतील तळ्यांकांठीं घरटीं करतो. मादी अंडीं उबवूं लागली कीं नर समुद्राची वाट धरतो. पिलें उडूं लागल्यावर मादीही जाते. परंतु जातात कोठें? १८४७ सालीं शास्त्रीय नांव मिळालेल्या या पक्ष्याचा हिवाळ्यांतील ठावठिकाणा पुढें जवळजवळ दीडशें वर्षें कोणासही ठाऊक नव्हता.

मध्यंतरीं संकट ओढवलें. अलास्कांतील युकॉन-कुस्कोक्विम नद्यांच्या त्रिभुज प्रदेशांत १९७० नंतरच्या वीस वर्षांत यांची संख्या शेंकडा ९० हून अधिक घटली. शिकाऱ्यांच्या बंदुकींतील शिशाचे छरे तळ्यांच्या तळाशीं पडून राहतात. ते गिळून पक्ष्यांस विषबाधा होते, हें एक कारण आढळलें. अमेरिकेनें १९९१ सालीं पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठीं शिशाचे छरे वापरण्यास मनाई केली आणि १९९३ सालीं या पक्ष्यास कायद्याचें संरक्षण दिलें.

परंतु ज्याचें अर्धें आयुष्य अज्ञात, त्याचें रक्षण पुरतें कसें व्हावें? म्हणून कांहीं पक्ष्यांच्या शरीरांत लहान प्रेषक यंत्रें बसविण्यांत आलीं. त्यांचे संदेश उपग्रहानें टिपले. १९९५ सालीं त्या अनुरोधानें शास्त्रज्ञ विमानांतून बेरिंग समुद्रावर गेले, तों सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेस, बर्फाच्या भेगांतील मोकळ्या पाण्यांत, हजारों पक्षी दाटीवाटीनें बसलेले दिसले! पुढील गणतींत ही संख्या साडेतीन लक्षांहून अधिक भरली.

तेथें ते चाळीस मीटरांहूनही खोल बुड्या मारून तळांतील शिंपले खातात आणि बर्फावर विसावतात. बर्फ नसेल तर थंड पाण्यांतच तरंगत राहावें लागतें व शरीराची ऊब अधिक खर्ची पडते. समुद्रावरील बर्फ आतां कमी होत चालला आहे. जवळजवळ सबंध जात एकाच ठिकाणीं हिवाळा काढते. तें एक ठिकाण बिघडलें, तर दुसरा आसरा कोणता?