कोणाला विचारलं, काय विचारलं?

(नंदुरबार जिल्ह्यातल्या बचतगटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



आज माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करते.

अक्राणी तालुक्यातल्या बायका उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर करतात. धडगावच्या बाजारात व्यापारी सांगेल तो भाव. आमच्या गटाने ठरवलं, पूड करून, पाकिटं भरून आपणच शहाद्यात विकायची. मी समाजकार्यात एम.ए. झालेली, म्हणून ग्राहकांची पाहणी माझ्याकडे आली. मी घरोघर विचारलं, "आदिवासी बहिणींनी केलेला आमचूर घ्याल का?" जवळजवळ सगळ्या 'हो' म्हणाल्या. गटाने बचत त्यात घातली. पावसाळा आला तरी निम्मी पाकिटं पडून होती. पुडीचे गोळे झाले.

दारात आलेल्या बाईला तोंडावर 'नाही' कोण म्हणणार? मी विचारायला हवं होतं : भाजी-आमटीत आंबट काय घालता? गेल्या महिन्यात ते किती घेतलं, काय भावाने? पैसे कोणी दिले?

मोठ्या कंपन्याही इथे फसतात. कोका-कोलाने जवळपास दोन लाख लोकांना नवी चव देऊन पाहिली. जास्त जणांना ती आवडली, म्हणून १९८५ साली जुनं पेय बंद केलं. लोक इतके चिडले, की ७९ दिवसांत जुनं परत आणावं लागलं. चव विचारली होती. जुनं कायमचं गेलं तर काय वाटेल, हे नीट विचारलं नव्हतं.

दुसरा प्रश्न, विचारायचं कोणाला? १९८८ पासून आपल्याकडचे बाजार-संशोधक शहरी कुटुंबाचा स्तर मुख्य कमावत्याच्या शिक्षणावरून आणि व्यवसायावरून ठरवत. २०११ साली व्यवसाय वगळून घरातल्या ११ वस्तू मोजायचं ठरलं. शिक्षण मात्र मुख्य कमावत्याचंच धरलं. म्हणजे बहुधा पुरुषाचं. घर चालवणारी बाई त्या हिशोबात कुठे होती?

आपल्या पाड्यांवर घरं विखुरलेली. पाहणी करणारा रस्त्यालगतच्या घरी थांबतो, मराठीत विचारतो, उत्तर घरधनी देतो. पावरी बोलणारी बाई चुलीपाशीच राहते. कागदावर मात्र 'कुटुंबाचं मत' नोंदलं जातं.

म्हणून बाईला तिच्या भाषेत, एकटीला विचारा. घेतलेल्या वस्तूबद्दल विचारा. 'नाही' म्हणणारीचं कारण लिहून घ्या. आणि आधी थोडाच माल बाजारात मांडून पाहा.

गटाची ती बचत अजून पुरती भरून निघालेली नाही. पुढची प्रश्नावली मी एकटी लिहिणार नाही. कैऱ्या चिरणाऱ्या बायकांबरोबर बसून लिहिणार आहे.