अढीच्या तळाशी बघा



आंब्याचे दिवस आले की घरात आंब्यांमागून चिलटं येतात. केळ्यांच्या फणीवर, कोयींच्या भांड्यावर, मोरीच्या जाळीपाशी घोंघावणारी ती इवलीशी माशी. चावत नाही, म्हणून आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. पण गेल्या वर्षी तिने आमच्या बचत गटाला चांगलाच धडा दिला.

गटातून कर्ज उचलून आम्ही रायवळ आंबे घेतले आणि साठं घातली. दुसऱ्याच दिवशी पडवीत चिलटंच चिलटं! घाईघाईत आमच्यातल्याच एकीने डासांचा फवारा मारला. चिलटं मेली, पण औषध साठांवर बसलं. साठं काही धुता येत नाहीत. असा माल कुणाच्या लेकराच्या तोंडात जायला नको, म्हणून आम्ही अकरा ताटं खड्ड्यात पुरली. हप्ता मात्र भरावाच लागला. आणि चार दिवसांत चिलटं पुन्हा हजर!

मग आम्ही शोध घेतला. अढी उपसली, तर तळाशी तीन आंबे कुजून पाणी झालेले, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

चिलट आंबलेल्या फळावर अंडी घालतं. उबदार हवेत अंड्यापासून उडणारी माशी व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. एक मादी शेकडो अंडी घालते. म्हणजे उडणारी कितीही मारली, तरी खाली नवी तयार होतच असतात. आधी त्यांची जागा शोधायची.

आता आम्ही काय करतो, ते सांगतो. अढी एक दिवसाआड उपसून डागी आंबे वेगळे काढतो. पिकलेली फळं धुऊन, पुसून, दाट विणीच्या सुती फडक्याने झाकतो. चिलट बारीक असतं, मोठ्या जाळीतून आत शिरतं. साली, कोयी रात्री घरात ठेवत नाही, परसातल्या खड्ड्यात टाकून वर माती ओढतो. मोरीची जाळी काढून ब्रशने घासतो. ओलं पोतेरं उन्हात वाळवतो.

उरलेल्या चिलटांसाठी सापळा. ग्लासात थोडं व्हिनेगर घ्या. ते नसेल तर आंबलेला आंब्याचा रस पाण्यात कालवून घ्या. त्यात भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाका, म्हणजे चिलटं वर तरंगत नाहीत, बुडतात. ग्लासावर कागदाचा शंकू खाली बारीक भोक ठेवून बसवा. दर दोन दिवसांनी तो बाहेर ओता, नाहीतर सापळ्यातच पैदास व्हायची! हे दोन आठवडे नेटाने करा, कारण आधीच्या अंड्या-अळ्यांपासून तोवर नवी चिलटं तयार होत राहतात.

कुणी विचारतं, बागेतला फळमाशीचा सापळा घरात टांगला तर? उपयोग नाही. त्यातल्या मिथाइल युजेनॉलला बागेतल्या फळमाशीचे नर भुलतात. घरातलं चिलट वेगळं, ते आंबट वासावर येतं.

यंदा अढी बघायच्या पाळ्या आम्ही वहीत लिहून लावल्यात. साठं वाळताहेत, आणि फवाऱ्याचा डबा पडवीत आणायचा नाही, असा ठरावच केलाय. तुम्हीही आज घरी गेल्यावर आधी अढीच्या तळाशी बघा.