आपल्या हॉलची भिंत
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)

हॉल नवा करताना भिंतीला चकचकीत पॅनेल लावायचं ठरत होतं. मी म्हटलं, टेंभुर्णीहून सोलापूर एवढं जवळ, पॅनेल कशाला? सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे ठाऊक असेलच. पण तिथले पद्मशाली विणकर हातमागावर वॉल हँगिंगही विणतात. चित्र कागदावर समोर ठेवायचं आणि रंगीत धागा हाताने भरत जायचा. बाकी हॉल आजच्या पद्धतीचाच, पांढरी भिंत, छतात लपवलेले दिवे.

आपले विणकरकाका महिनाभर मागावर बसले. त्यांची मुलं बसत नाहीत. तरी दरात घासाघीस मीच केली! नंतर लाज वाटली. फरक परवा खिशातून पोचता केला.

कमिटीला एक विनंती, त्याच्यावर एसी बसवू नका. पाणी ठिबकतं.