राजा सुटतो, मुलगा मागे राहतो



सप्टेंबर १९५२. 'लाइमलाइट' या नव्या चित्रपटाच्या लंडनमधल्या पहिल्या खेळासाठी चार्ली चॅप्लिन बायको-मुलांना घेऊन 'क्वीन एलिझाबेथ' या जहाजाने न्यूयॉर्कहून निघाला. जहाज भर समुद्रात असतानाच अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. जवळजवळ चाळीस वर्षं तिथे काम करूनही चॅप्लिनने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं नव्हतं. आता परत यायचं तर आधी आपल्या राजकीय मतांची आणि वर्तनाची चौकशी करून घ्यावी लागणार होती. तो गेला नाही. स्वित्झर्लंडमध्ये व्हेवे गावाजवळ त्याने घर केलं आणि १९५७ साली आपलं उत्तर पडद्यावर मांडलं : 'अ किंग इन न्यूयॉर्क'.

एस्ट्रोव्हिया नावाच्या काल्पनिक देशात क्रांती होते आणि तिथला राजा शाहदोव्ह न्यूयॉर्कला पळून येतो. ही भूमिका स्वतः चॅप्लिनची. विमानतळावर राजा पत्रकारांसमोर या मोकळ्या देशाचं भरभरून कौतुक करतो, आणि ते चालू असतानाच अधिकारी त्याच्या बोटांचे ठसे घेत असतात. पुढच्या साऱ्या चित्रपटाचं सार या एका प्रसंगात आलं आहे.

पंतप्रधानाने पैसा लांबवल्यामुळे राजा कफल्लक होतो. एका मेजवानीत त्याच्या नकळत त्याला टेलिव्हिजनवर दाखवलं जातं, आणि हळूहळू तो जाहिरातींत ओढला जातो. व्हिस्कीची तारीफ करत घोट घेतो आणि त्याला जबर ठसका लागतो. हा भाग खळखळून हसवतो.

मग भेटतो रूपर्ट. एका शाळेत मार्क्स वाचत बसलेला हा मुलगा राजाला बोलूच देत नाही. माणसाला हिंडायला-फिरायला पासपोर्ट का लागावा, असं तो तावातावाने विचारतो. ही भूमिका चॅप्लिनच्या मुलाने, मायकेलने केली आहे. चित्रीकरणाच्या वेळी तो दहा वर्षांचा होता. बापाचा संताप मुलाच्या तोंडून ऐकू येतो, म्हणून तो अधिक झोंबतो.

रूपर्टचे आईवडील कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चौकशी समितीपुढे उभे केले जातात. ते मित्रांची नावं सांगत नाहीत. मुलगा राजाच्या आश्रयाला येतो, आणि मग राजावरही संशय. समितीपुढे जाताना राजाचं बोट आग विझवायच्या नळीत अडकतं. तो नळीसकट सभागृहात पोचतो आणि सगळी समिती पाण्याने चिंब होते.

चित्रपट इथेच थांबवणं चॅप्लिनला सोपं होतं. प्रेक्षक हसत घरी गेले असते. पण त्याने आपल्याला पुन्हा शाळेत नेलं आहे. रूपर्टने आईवडिलांच्या सुटकेसाठी त्यांच्या मित्रांची नावं सांगितली आहेत. मुख्याध्यापक त्याची पाठ थोपटतात आणि मुलगा मान खाली घालून रडतो. राजा त्याला धीर देतो, युरोपात बोलावतो, आणि विमानाने निघून जातो.

त्या काळात अमेरिकेत हे खरोखर घडत होतं. १९४७ पासून हॉलीवूडच्या लेखक-कलावंतांना अशाच एका चौकशी समितीपुढे बोलावलं जात होतं. तिच्या प्रश्नांना उत्तर द्यायला नकार देणाऱ्या दहा जणांना तुरुंगवास झाला, कित्येकांचं काम गेलं, काहींना खोट्या नावाने पटकथा लिहाव्या लागल्या. समितीला हवी असलेली नावं बहुतेक वेळा तिच्याकडे आधीच असत. तरीही ती माणसाच्या तोंडून वदवून घ्यायची असत, कारण एकदा मित्राचं नाव घेतलं की माणूस आतून मोडतो. चॅप्लिनने ही मोडतोड एका लहान मुलाच्या बाबतीत दाखवली, जिथे तिचं कसलंही समर्थन करता येत नाही.

हा चित्रपट लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत झाला. त्यातलं न्यूयॉर्क उसनं वाटतं, काही संवाद भाषणासारखे लांबतात. अमेरिकेत तो रीतसर दाखवला जायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. तरी मला तो चॅप्लिनच्या थोर कृतींपैकी एक वाटतो. त्याच्याजवळ नाव होतं, पैसा होता, दुसरा देश होता. तो निघून जाऊ शकला. ज्यांना जाता आलं नाही, त्यांचं काय झालं, हे त्याने स्वतःच्या अपमानाची गोष्ट सांगतानाही विसरू दिलं नाही. संशयाच्या राज्याची खरी किंमत मागे राहिलेल्यांना मोजावी लागते. कोणत्याही देशात, कोणत्याही काळात आपण आधी त्यांची विचारपूस केली पाहिजे.