वर्तमानपत्रातली हिब्रू



इस्रायल म्हटले की आपल्याकडे आधी ठिबकची गोष्ट निघते. नेगेवच्या वाळवंटात, हात्झेरिम किबुत्झवर (सामूहिक वसाहतीवर) १९६५ साली नेटाफिम ही ठिबकची कंपनी सुरू झाली, हे चुडाव्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांना ठाऊक असेल. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबागेतले केशर आंब्याचे भारत-इस्रायल गुणवत्ता केंद्रही काही जणांनी पाहिले असेल. त्या देशाची भाषा मात्र आपण कधी मनावर घेतली नाही. तिथले जे काही कळते, ते इंग्रजीतून. आज मला त्या भाषेबद्दल, म्हणजे हिब्रूबद्दल, बोलायचे आहे. विद्यापीठात ती बातम्यांच्या आधाराने शिकवावी आणि आपल्याकडे ती थेट मराठीतून शिकवावी, असे माझे म्हणणे आहे.

हे नवे खूळ नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी लोकांची, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, घरची भाषा मराठीच. त्यांच्यासाठी मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. पुढे मुंबई विद्यापीठात संस्कृत, अरबी, फारसीप्रमाणे हिब्रूही परीक्षेला घेता येऊ लागली. डेव्हिड सॅसून शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ एझेकिएल राजपूरकर तिथे हिब्रूचे परीक्षक होते. प्रार्थनांची पुस्तके त्यांनी मराठीत आणली. म्हणजे जवळपास दोनशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेतून हिब्रू शिकायची सोय होती.

पण ती हिब्रू धर्मग्रंथांची. १९४८ नंतर बेने इस्राएल मंडळी इस्रायलला जाऊ लागली आणि दिमोना, रामले, लोद, अश्दोद, बेअरशेवा अशा गावांत स्थिरावली. प्रार्थना पाठ असली तरी तेवढ्यावर नोकरीचा अर्ज भरता येत नाही. साऱ्या जगातून येणाऱ्यांची हीच अडचण होती. म्हणून १९४९ मध्ये जेरुसलेमला पहिले उलपान, म्हणजे नवागतांचा भाषावर्ग, उघडले. १९५१ मध्ये ‘ओमेर’ नावाचे दैनिक खास त्यांच्यासाठी निघाले. भाषा सोपी आणि प्रत्येक अक्षराला स्वरखुणा. पुढे ‘शाआर लामात्खिल’ हे साप्ताहिक आले. रेडिओवर सोप्या हिब्रूत, संथ लयीत बातम्या दिल्या जात.

या स्वरखुणांचे महत्त्व थोडे उलगडून सांगतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि नेहमीच्या वर्तमानपत्रात मुख्यतः व्यंजनेच असतात. समजा स, फ, र ही तीन अक्षरे समोर आली. ‘सेफेर’ वाचले तर पुस्तक, ‘सापार’ वाचले तर न्हावी, ‘साफार’ वाचले तर त्याने मोजले. कोणते वाचायचे, ते वाक्य सांगते. आपल्या मोडीत ‘दिन’ आणि ‘दीन’ एकाच वेलांटीने लिहीत; कारकून संदर्भावरून ओळखायचा, तसेच हे. म्हणून बातमी उपयोगी पडते. काल काय घडले हे वाचणाऱ्याला अंधुक ठाऊक असते, त्यामुळे शब्द हाती लागतो. शिवाय एक शब्द लागला की त्याचे सगळे कुटुंब कळते. पंतप्रधानाला ‘रोश हा-मेमशाला’ म्हणतात. त्यातले म, श, ल पकडले की मेमशाला म्हणजे सरकार, मोशेल म्हणजे शासक, मिमशाल म्हणजे राजवट, हे ओळीने उमगत जाते.

वर्गात सुरुवात हवामानाच्या बातमीने करावी, असे मला वाटते. आकडे, वार, गावांची नावे, आज आणि उद्या; पाऊस येणार की नाही हे तर आपण कोणत्याही भाषेत कान देऊन ऐकू. पुढे पीकपाणी, मग निवडणूक. शेवटच्या सत्रात एकच बातमी दोन पत्रांतून वाचायला द्यावी. ज्या प्रदेशाला एक पत्र बायबलमधल्या नावाने ‘येहूदा वे-शोमरोन’ म्हणते, त्यालाच दुसरे ‘हा-गादा हा-माआराविथ’, म्हणजे पश्चिम किनारा म्हणते. त्या भूमीवरचा सगळा तंटा त्या दोन नावांत आहे. इंग्रजी सारांशावर भागवणाऱ्या विद्यार्थ्याला तो निवडीचा क्षण दिसतच नाही. पॅलेस्टिनी माणसाचे दुःख असो की इस्रायली माणसाची भीती, मूळ शब्दांत वाचल्याशिवाय मत बनवू नये, असा माझा आग्रह आहे.

आणि मूळ शब्द वाचता न येण्याचे दुःख आपल्याच लोकांना किती जवळून भोगावे लागले! १९६० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नांसाठी वंशाची चौकशी सुरू केली. ते पुरेसे यहुदी आहेत का, अशी चर्चा देशभर चालली. पेपरात त्यांच्याविषयी छापून येत होते आणि ज्याला फक्त मराठी येत होती, त्याला स्वतःवरचा मजकूर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत असणार. बेने इस्राएल जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरले. १९६४ मध्ये सरकारने आणि संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. मराठीवरचे प्रेमही त्यांनी सोडले नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी इस्रायलमधून काढले.

दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात हिब्रू शिकवतात. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ चुडाव्याहून दोन स्टेशनांवर आहे, परभणीचे कृषी विद्यापीठही लांब नाही. दोघांनी मिळून एक ऐच्छिक वर्ग काढावा, हे अशक्य नाही. शिकवायला माणूस कुठून आणायचा, असे कुणी विचारेल. दिमोना, रामल्यात मराठी आणि हिब्रू दोन्ही अस्खलित बोलणारे आजीआजोबा आहेत. त्यांची नातवंडे हिब्रूतच वाढली. या वडीलधाऱ्यांचे बातमीवाचन मराठी अर्थासह ध्वनिमुद्रित करून घ्यायचे, तर ते याच वर्षी सुरू करायला हवे.