दांडा, दाब आणि दळण



लग्नाच्या मांडवात, पंगतीपासून जरा बाजूला, स्टीलच्या टाकीचे एक यंत्र उभे असते. स्टीलच्या मगमध्ये दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफी घालतात, मग वाफेच्या नळीखाली धरतात, दूध खळखळून फेसाळते, वर चॉकलेटची पूड भुरभुरते आणि पेला आपल्या हातात येतो. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी एस्प्रेसो म्हणून प्यायली ती ही कॉफी. लग्नाच्या आठवणीत तिला पक्की जागा आहे आणि ती राहावी. पण आता काही मराठी घरांच्या ओट्यावर दुसरेच यंत्र आले आहे. त्यात ताज्या दळलेल्या पुडीतून जोराच्या दाबाने पाणी जाते आणि तळाशी दोन घोट दाट कॉफी उतरते. ऑनलाइन मागवले की हे यंत्र तालुक्याच्या गावीही पोचते.

आज मला या यंत्राची कहाणी सांगायची आहे. ते कसे घडले, घरासाठी घ्यायचे तर कोणते घ्यावे, आणि घेतलेले यंत्र कधी बदलावे. हे सगळे मी एका गावाला समोर ठेवून बोलणार आहे. ते गाव म्हणजे जव्हार तालुक्यातले वावर.

वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राला कळले ते १९९२ साली, कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंच्या बातम्यांतून. आजही जव्हार-मोखाड्यातली अनेक कुटुंबे भाताची कापणी आटोपली, दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर मजुरीला जातात. इथल्या चुलीवर सकाळी उकळतो तो कोरा चहा. अशा ठिकाणी काही हजारांच्या यंत्राबद्दल बोलायचे तर हिशेब चोखच हवा. तरीही बोलायला हवे असे मला वाटते. इथे शाळांत आणि दवाखान्यांत काम करणारी माणसे राहतात, पावसाळ्यात धबधबे पाहायला पर्यटक येतात, त्यांना घरी उतरवून घेणारे लोक आहेत. चांगल्या कॉफीची आवड कुणालाही लागू शकते. आणि जिथे रुपया जपून खर्च होतो, वीज बेभरवशाची आहे आणि दुरुस्ती करणारा जवळ नाही, तिथे जे यंत्र टिकेल ते पुण्या-मुंबईतही टिकेलच.

आधी कहाणी ऐकू. १८८४ साली इटलीतल्या तुरीन शहरात आंजेलो मोरिओंदो या माणसाने वाफेच्या जोरावर एकदम पुष्कळ कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे मिलानमध्ये लुइजी बेझेरा याने १९०१ साली एकेका पेल्यापुरती कॉफी काढण्याची युक्ती शोधली. देसिदेरियो पावोनी याने बेझेराचे हक्क विकत घेतले आणि १९०५ पासून ती यंत्रे बनवून विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक उभे असतानाच त्याच्यासाठी ताजी कॉफी काढून द्यायची, ही रीत तिथून रुजली.

या यंत्रांत एक मोठी अडचण होती. पाणी ढकलायचे काम वाफेकडे होते. वाफेने दाब मिळे तो जेमतेम दीड बार, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या दीडपट. दाब वाढवायचा तर आच वाढवावी लागे, आणि आच वाढली की उकळते पाणी आणि वाफ पुडीवर जाऊन कॉफी करपे. दाब आणि उष्णता एकाच दोरीला बांधलेली होती.

ती गाठ सोडवली मिलानच्याच आकिले गाज्जिया याने. त्याचे पहिले पेटंट १९३८ सालचे. महायुद्धामुळे काम अडले, पण १९४७-४८ मध्ये त्याचे दांड्याचे यंत्र तयार झाले. दांडा खाली ओढला की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्याखाली गरम पाणी येते. दांडा सोडला की स्प्रिंग तेच पाणी पुडीतून रेटते. दाब आठ-नऊ बारपर्यंत गेला, तोही पाणी न उकळता. पेल्यावर प्रथमच तांबूस दाट साय दिसू लागली. तिला क्रेमा म्हणतात. आज आपण ज्याला एस्प्रेसो मानतो त्याचा जन्म हा. त्यानंतर १९६१ साली फाएमा कंपनीने ई-६१ हे यंत्र आणले. त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून त्याला हे नाव मिळाले. त्यात दाब देण्याचे काम माणसाच्या हाताकडून विजेच्या पंपाकडे गेले. आजची बहुतेक यंत्रे याच वाटेने आली आहेत.

श्रोतेहो, ही कहाणी एवढ्याचसाठी सांगितली की यंत्र निवडताना विचारायचे सगळे प्रश्न तिच्यात आहेत. पाणी किती गरम, दाब किती, आणि तो दाब कोण देतो, हात की वीज?

आता पेल्यात काय घडते ते पाहू. साधारण १८ ग्रॅम पूड घ्यायची. ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी नऊ बार दाबाने तिच्यातून जाऊ द्यायचे. २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरायला हवी. दहा सेकंदांतच उतरली तर ती आंबट आणि पातळ लागते. पाऊण मिनिट लागले तर कडवट होते. हा वेळ ठरतो मुख्यतः दळणावर. पूड भरड असेल तर पाणी सुसाट जाते, फार बारीक असेल तर तुंबते. आणि पूड कमी-जास्त जाडीची असेल, किंवा एका बाजूला सैल दाबली गेली असेल, तर भातखाचराच्या बांधाला खेकड्याने बीळ पाडल्यावर होते तसेच होते. सगळे पाणी त्या एका वाटेने निघून जाते आणि बाकीचे खाचर तसेच राहते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. पैसे खर्च करण्याचा क्रम आधी बिया, मग ग्राइंडर आणि शेवटी यंत्र. दुकानातली मांडणी आपल्याला नेमका उलटा क्रम शिकवते. चकचकीत यंत्र घेतले जाते आणि त्यात महिन्यांपूर्वी दळलेली पूड पडते. मग कॉफी बेचव झाली की आणखी महागडे यंत्र शोधायला सुरुवात होते.

बियांपासून सुरू करू. भारतातली सर्वाधिक कॉफी कर्नाटकात होते, कोडगू आणि चिकमगळूरच्या डोंगरांत. महाराष्ट्रातही सातपुड्यात, अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला, इंग्रजांच्या काळापासून कॉफीची झाडे आहेत. आपल्या देशाबाहेर जाणाऱ्या कॉफीचा इटली हा वर्षानुवर्षांचा मोठा ग्राहक आहे. तिथल्या अनेक मिश्रणांत रोबस्टा जातीच्या बिया घालतात, कारण त्यांच्यामुळे क्रेमा दाट येते. तेव्हा चांगल्या एस्प्रेसोचा कच्चा माल आपल्या घरचाच आहे. पाकिटावर भाजल्याची तारीख असेल तेच पाकीट घ्या. भाजून आठवडाभर झालेली आणि महिन्या-दीड महिन्यात संपणारी कॉफी सर्वांत चांगली. चिकोरी मिसळलेली पूड दक्षिणी फिल्टरसाठी उत्तम, या यंत्रासाठी नको. आणि जव्हारच्या पावसात, जिथे मिठालाही पाणी सुटते, तिथे बिया थोड्याच मागवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पुढचा खर्च ग्राइंडरचा. मिक्सरचे पाते बी तोडते, दळत नाही. त्यातून पीठ आणि कण्या एकत्र निघतात. हवा तो बर ग्राइंडर, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये बी दळणारा. हाताने फिरवायचे पोलादी चकत्यांचे चांगले ग्राइंडर आता मिळतात. दळायला मिनिटभर लागते आणि लाइट गेली तरी काम अडत नाही. घेताना एवढेच विचारा, की एस्प्रेसोइतके बारीक दळण होते का, आणि त्यात थोडा-थोडा फरक करता येतो का. कारण बियांचे पाकीट बदलले, हवा दमट झाली, की दळण किंचित बदलावेच लागते.

आता यंत्र. सर्वांत स्वस्त वाट म्हणजे मोका पॉट. अल्फोन्सो बियालेत्ती याने १९३३ साली इटलीत बाजारात आणलेले अॅल्युमिनियमचे हे अष्टकोनी भांडे गॅसवर चालते. खालच्या पाण्याची वाफ दाब देते आणि कॉफी वरच्या भांड्यात चढते. दाब एक-दोन बारच, त्यामुळे ही एस्प्रेसो नव्हे. पण दुधाची कॉफी दाट आणि खमंग होते. आपल्या जायफळ-वेलचीच्या कॉफीला तिच्यासारखा आधार नाही. वावरच्या कुणी मला विचारले तर मी म्हणेन, पहिले वर्ष हेच वापरा.

त्यानंतर खरी एस्प्रेसो हवी असेल, तर गाज्जियाच्या दांड्याकडे परत जा. हल्ली बिनविजेची हातयंत्रे मिळतात. फ्लेअर आणि रोबोट ही त्यांतली ओळखीची नावे. आधणाचे पाणी वरून ओतायचे आणि दांड्याने आपणच दाब द्यायचा. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच, म्हणजे इथे पाणी ९८ अंशांच्या थोडे वर उकळते. भांडे आधी उकळत्या पाण्याने गरम करून घेतले, की पुडीपर्यंत पोचेतो पाणी हव्या त्या तापमानावर येते. वायरी नाहीत, बॉयलर नाही, बिघडायला उरतात ते रबरी वायसर, आणि ते घरी बदलता येतात. माझ्या घरी असेच दांड्याचे यंत्र आहे आणि पावसाळ्यातल्या अंधाऱ्या सकाळींनी त्याची किंमत मला पटवली आहे.

विजेचे यंत्र घ्यायचेच असेल तर तीन गोष्टी पाहा. एक, वीज. लहान यंत्रही हजार-दीड हजार वॅट ओढते. घरच्या इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, हा बॉयलर सहसा चालत नाही. दोन, खोक्यावरचा दाब. १५ बार, २० बार असे आकडे पंपाची ताकद सांगतात. कॉफीला लागतात नऊच. त्याऐवजी चाळणी कशी आहे ते विचारा. काही चाळण्यांना तळाशी एकच बारीक छिद्र असते आणि फेस त्या छिद्रातून येतो, कॉफीतून नाही. साधी, पुष्कळ छिद्रांची चाळणी मिळत असेल तरच तुमच्या ग्राइंडरचे चीज होईल. तीन, सुटे भाग. १९९१ पासूनची गाज्जिया क्लासिक किंवा १९९७ पासूनची रान्चिलियो सिल्व्हिया ही यंत्रे जगभर टिकली ती साधेपणामुळे. पेचकस घेऊन उघडावीत आणि वायसर, झडप बदलून पुन्हा लावावीत अशी ती आहेत. ज्या गावातून दुरुस्तीसाठी नाशिक नाहीतर मुंबई गाठावी लागते, तिथे हा गुण सर्वांत मोठा.

पाण्याचीही गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे अनेक घरांत पाणी बोअरचे असते आणि त्यात क्षार असतात. फडक्याने गाळून ते जात नाहीत. तापलेल्या बॉयलरमध्ये त्यांचा पांढरा थर चढतो, तापमान बिघडते, बारीक नळ्या बुजतात. विहिरीचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी मऊ असेल तर ते उकळून, गाळून वापरा. तसे नसेल तर मऊ पाण्यासाठीचा फिल्टर लावा आणि ठरावीक काळाने सायट्रिक अॅसिडच्या पाण्याने बॉयलर धुऊन घ्या. एप्रिल-मेमध्ये मोखाड्याच्या पाड्यांवर बाया डोक्यावरून पाणी आणतात. अशा दिवसांत नळ्या धुण्यात पाणी वाया घालवणारे यंत्र घरात नसलेलेच बरे.

आणि मग यंत्र बदलायचे कधी? तुमचे दळण सारखे आहे, पूड रोज तोलून घेता, वेळ मोजता, आणि तरीही कॉफी एक दिवस आंबट, दुसऱ्या दिवशी कडू होते. तेव्हा दोष तापमानाचा असण्याची शक्यता मोठी. मग तापमान अंशाअंशाने सांभाळणारे, पीआयडी हा तापमान-नियंत्रक लावलेले यंत्र घ्या. पाहुणे आले की चार-पाच पेले दुधाची कॉफी एकामागून एक करावी लागते आणि एका बॉयलरचे यंत्र प्रत्येक वेळी वाफेसाठी थांबायला लावते, तेव्हा कॉफी आणि वाफ एकाच वेळी देणारे मोठे यंत्र कामाचे. पण त्याआधी दूध पातेल्यात तापवून हातरवीने फेसाळून पाहा. बहुतेक घरांची गरज तिथेच भागते.

हेवा वाटला म्हणून बदललेले यंत्र पेल्यात काही वाढवत नाही. स्वतःच्या कॉफीतला नेमका दोष ओळखून बदललेले यंत्र वर्षानुवर्षे साथ देते. दोष ओळखायला लागतो एक छोटा वजनकाटा, एक घड्याळ आणि रोज थोडे लक्ष. तेव्हा नवे यंत्र मागवण्याआधी महिनाभर रोजचे वजन, वेळ आणि चव वहीत लिहून काढा. पैसे बियांवर घालायचे, दळणावर की यंत्रावर, हे ती वहीच तुम्हाला सांगेल.